आधी जाहिरात वाचा, मग कॅमेरा उचला

सांगली-मिरजेकडच्या कितीतरी घरांत माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत एक फिल्म कॅमेरा पडून असतो. कधी तो आजोबांचा असतो, कधी बंद झालेल्या स्टुडिओतून कुणीतरी घरी आणलेला. अलीकडे कॉलेजातली मुलं हे कॅमेरे बाहेर काढतात आणि विचारतात, हा चालेल का, याचा रोल अजून मिळतो का, धुऊन कोण देतं? ही सगळी वाट इथे क्रमाने लिहिली आहे: कॅमेरा निवडायचा कसा, तपासायचा कसा, पहिला रोल काढायचा आणि घरी धुवायचा कसा, आणि निगेटिव्ह जपायचं कसं.

सुरुवात मात्र मी दुकानापासून करणार नाही, जाहिरातीपासून करणार आहे. हातात आलेल्या किंवा घ्यायचा विचार असलेल्या कॅमेऱ्याची त्याच्या काळातली जाहिरात आधी शोधा. हा कॅमेरा कुणासाठी बनवला, कसल्या उजेडात चालवायचा आणि काय सांभाळायचं, हे तिच्यात बहुतेक वेळा उघड लिहिलेलं किंवा चितारलेलं असतं. ज्याच्यासाठी तो बनवला, त्याच्यासारखा वापरला तर पन्नास-साठ वर्षांचा कॅमेराही चोख काम देतो. त्याच्याकडून भलतंच मागितलं, की लोक म्हणतात कॅमेरा खराब आहे.

जाहिरातीत काय बघायचं

१८८८ साली जॉर्ज ईस्टमनने कोडॅक नावाचा कॅमेरा २५ डॉलरला विकायला काढला. आत १०० फोटोंची फिल्म भरूनच यायची. ती संपली की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. तिथून फोटो आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत यायचा. जाहिरातीचं घोषवाक्य एका ओळीचं होतं: बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही बघतो. तोवर फोटो काढणं म्हणजे काचेच्या प्लेटा, रसायनं आणि तिकाटणं बाळगणाऱ्यांचं काम होतं. या एका ओळीने ते घराघरांत नेलं. १९०० मध्ये ब्राउनी आला, किंमत एक डॉलर, आणि जाहिराती थेट लहान मुलांसमोर ठेवलेल्या. पुढे पट्ट्यापट्ट्यांच्या झग्यातली 'कोडॅक गर्ल' आली, कधी समुद्रकिनारी, कधी मोटारीत, हातात कायम कॅमेरा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं कोडॅकचं १८ फूट उंच आणि ६० फूट रुंद उजळलेलं रंगीत चित्र टांगलेलं असायचं. त्यात यंत्राचं वर्णन शोधूनही सापडत नाही. सहली, सणवार, घरातली माणसं, एवढंच.

या जाहिरातींची ओढ मला वाटते ती इथे. त्या वस्तू विकत होत्याच, पण 'हा दिवस पुन्हा येणार नाही' ही जाणीवही त्या लोकांच्या मनात रुजवत होत्या. आपल्या घरातल्या अल्बममध्ये बारसं, लग्न आणि महाबळेश्वरची सहल एवढेच फोटो का आहेत, त्याचं बरंचसं उत्तर या जाहिरातींत आहे. रोल महाग होता हे खरंच. पण कुठला क्षण फोटोच्या लायकीचा, हेही जाहिरातींनी शिकवलं होतं.

आता व्यवहाराचं. जाहिरात समोर आली की आधी कॅमेरा धरलेले हात बघा. एका हातात सहज धरलेला, हसऱ्या माणसांच्या घोळक्याकडे रोखलेला कॅमेरा असेल, तर तो बिनफोकसचा, सोपा कॅमेरा. चित्रात भरपूर ऊन आणि माणसं आठ-दहा फुटांवर असतील, तर तीच त्याची वापरायची सूचना. आपल्याकडे बडोद्यात बनलेले आग्फा क्लिक थ्री आणि आयसोली याच घराण्यातले. क्लिक थ्रीला शटरचा (फिल्मवर उजेड सोडणाऱ्या पडद्याचा) वेग एकच, भिंगाजवळ ऊन आणि ढग अशा दोन खुणा, आणि १२० मापाच्या, मागे कागद असलेल्या रुंद रोलवर चौकोनी बारा फोटो. तो घेऊन सायंकाळी खोलीत बाळाचा जवळून फोटो काढायला गेलात तर काळपट आणि अस्पष्टच येणार. तोच सकाळी दहाला गणपती मंदिराच्या आवारात घरच्या मंडळींसमोर धरा आणि मग बघा.

दुसऱ्या तऱ्हेच्या जाहिरातीत माणसं कमी आणि आकडे जास्त. १९२९ पासूनचा रोलायफ्लेक्स, १९५९ चा निकॉन एफ, किंवा आपल्याकडच्या असंख्य स्टुडिओंनी आयुष्यभर वापरलेला याशिका मॅट, यांच्या जाहिरातींत भिंगाचं नाव, शटरचे सगळे वेग, जोडायच्या वस्तूंची यादी असायची. ती जपून ठेवा. कॅमेरा तपासताना हीच यादी समोर धरून एकेक गोष्ट चालते का ते बघता येतं.

तिसरी तऱ्हा १९७० नंतरची. १९७६ चा कॅनन एइ-१ 'इतका प्रगत, की सोपा' या अर्थाच्या घोषवाक्याने विकला गेला. आत मायक्रोप्रोसेसर होता; शटरचा वेग तुम्ही लावायचा, अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडायचं ते कॅमेरा ठरवणार. या सोपेपणाची दुसरी बाजू अशी, की सेल संपला तर शटर पडतच नाही, आणि आतलं सर्किट गेलं तर गावात दुरुस्त करणारा मिळणं कठीण. ज्या जाहिरातीत विजेची, इलेक्ट्रॉनिकची किंवा संगणकाची भाषा जोरात असेल, तो कॅमेरा सेल घालून चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शन बघितलेल्यांना हॉट शॉट कॅमेऱ्याच्या जाहिरातीतलं 'खटॅक' अजून आठवतं. तो सापडला तर आधी रोलचं माप बघा. ११० मापाची कार्ट्रिज आज जगात फार थोड्या ठिकाणी बनते. तसा कॅमेरा आठवण म्हणून ठेवावा, शिकायला घेऊ नये.

पहिला कॅमेरा कुठला

माझं मत स्पष्ट आहे. शिकायचं असेल तर पूर्ण यांत्रिक, ३५ मिलिमीटरचा एसएलआर घ्या, म्हणजे ज्यात आरशामुळे थेट भिंगातूनच बघता येतं असा कॅमेरा. पेन्टॅक्स के१००० (१९७६ ते १९९७ अशी दोन दशकं बनत राहिला), याशिका एफएक्स-३, निकॉन एफएम२ किंवा एफएम१०, नाहीतर रशियन झेनिट. यांतल्या पहिल्या चारांना सेल लागतो तो फक्त उजेड मोजायला. सेल मेला तरी शटर चालतं. झेनिट जड आणि खरखरीत आहे, पण स्वस्त मिळतो आणि त्याची काच चांगली असते. के१००० ला उजेड मोजणारं मीटर बंद करायचं बटण नाही. भिंगावर झाकण नसेल तर मीटर चालूच राहून सेल खातं. त्यामुळे वापरून झाला की झाकण लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

घरात क्लिक थ्री पडलेला असेल तर मात्र दुसरा कॅमेरा घेण्याआधी त्याच्यावर एक रोल काढा. खर्च फक्त रोलचा आहे, आणि ज्या भिंगातून आजीचा फोटो निघाला त्याच भिंगातून नातीचा काढायची संधी दुसरा कुठला कॅमेरा देणार नाही.

विकत घ्यायचा तर आधी जुन्या स्टुडिओवाल्यांना भेटा. सांगलीत हरभट रोड आणि गणपती पेठेच्या आसपास, मिरजेत, आणि तासगाव, विटा, इस्लामपूर अशा तालुक्याच्या गावांत लग्नाच्या फोटोवर उभी राहिलेली दुकानं आहेत. त्यांच्या कपाटात याशिका नाहीतर निकॉन असतोच. घाई करू नका. आधी त्यांच्याकडून त्या कॅमेऱ्याची हकिगत ऐका. कुठला वेग अडतो, कुठल्या साली दुरुस्ती झाली, हे त्यांना तोंडपाठ असतं. ऑनलाइन घेताना ही माहिती मिळत नाही, म्हणून तिथे परत करायची सोय असेल तरच घ्या.

तपासणी

कॅमेऱ्याची पाठ उघडण्याआधी आत रोल आहे का ते बघा. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात डाव्या बाजूची रीवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने अलगद फिरवा. ताण लागला तर आत फिल्म आहे. तळाचं बटण दाबून ती पूर्ण गुंडाळून घ्या आणि मगच उघडा. १२० च्या कॅमेऱ्यात मागच्या लाल खिडकीतून कागद आणि आकडा दिसतो. तो रोल शेवटपर्यंत पुढे फिरवून संपवायचा. अशा जुन्या रोलवर कधी वीस-तीस वर्षांपूर्वीचे फोटो असतात. काळ्या-पांढऱ्या फिल्मवरून काहीतरी निघण्याची आशा धरता येते. डबीवर कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) लिहिलेलं असेल तर रंग विसरा. ती धुण्याची प्रक्रिया जगातल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस रोल घेणं थांबवल्यावर संपली.

पाठ उघडली की कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरा, भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवा आणि एक सेकंदापासून वरपर्यंत प्रत्येक वेगावर शटर पाडा. मागून बघताना प्रत्येक वेळी उजेडाचा चौकोन पूर्ण दिसला पाहिजे. एका बाजूला काळी पट्टी दिसली तर पडदा अडकतोय. एक सेकंद म्हणजे साधारण 'एक हजार एक' म्हणायला लागतो तेवढा वेळ. तिथे कॅमेरा अर्ध्यातच रेंगाळला तर आतलं तेल सुकलंय. पडदा कापडी असेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च भिंगाच्या बाजूने आत धरा आणि मागून बारीक छिद्रं दिसतात का बघा. कॅनन एइ-१ मध्ये क्लिक करताना करकर किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर आरशाच्या यंत्रणेला तेलपाणी हवं आहे. मोठा दोष नाही, पण किंमत कमी करून मागा. ऑलिम्पस ट्रिप ३५ सेलशिवाय चालतो, भिंगाभोवतीच्या, उजेडावर वीज बनवणाऱ्या सेलेनियमच्या जाळीवर. ती जाळी हाताने झाका आणि बटण दाबा. खिडकीत लाल पट्टी वर आली आणि शटर अडलं तर मीटर जिवंत आहे.

मग भिंग. टॉर्च तिरका धरून आरपार बघा. थोडी धूळ असली तरी काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. काठाला थोडीशी असेल तर फोटोत दिसत नाही. मधोमध पसरलेली असेल, आणि विशेषतः काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल, तर सोडून द्या. महाबळेश्वर, कोयना, पाटण या पट्ट्यातून आलेल्या कॅमेऱ्यांत हे हमखास बघावं, कारण तिथला पावसाळा चार महिने कपाटातही ओलावा धरून ठेवतो.

सांगलीत आणखी एक तपासणी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी ज्या घरांत आणि दुकानांत शिरलं, तिथले कॅमेरेही बुडाले. बाहेरून पुसून चकचकीत केलेला कॅमेरा आतून गाळाने भरलेला असू शकतो. भिंगाच्या कड्याखाली, स्क्रूच्या खाचेत, फिल्म जिथून सरकते त्या पट्टीच्या कोपऱ्यात पिवळसर बारीक माती किंवा गंज दिसला तर तो घेऊ नका, फुकट मिळाला तरी चालवण्यासाठी घेऊ नका.

साफसफाई आणि सेल

पाठीच्या कडेला आणि आरशाजवळ लावलेला स्पंज चाळीस वर्षांत डांबरासारखा चिकट होतो. काडीला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो हळूहळू काढा, आरशाला आणि पडद्याला मात्र बोट लावू नका. खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवला तरी उजेड अडतो. माझ्या मते हे काम शिकलं की कॅमेऱ्याची भीती निम्मी जाते.

के१००० ला एलआर४४ सेल एक लागतो, एफएक्स-३ आणि एफएम२ ला दोन. हे घड्याळाच्या दुकानातही मिळतात. साठ-सत्तरच्या दशकातले काही कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर मीटर चालवायचे. ते सेल आता बनत नाहीत. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा घातला तर काटा चुकीचं सांगतो. श्रवणयंत्राच्या दुकानात ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल मिळतो, तो साधारण १.४ व्होल्टचा. भोवती रबरी कडं लावून तो बसवा. काही आठवडेच टिकतो, पण खरं सांगतो.

आणि कातडी कव्हर काढून ठेवा. जुन्या कॅमेऱ्याचं तपकिरी कव्हर बघायला देखणं असतं, पण ओल शोषून भिंगाला बुरशी लावायचं काम तेच करतं. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि खडे रंग बदलले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. पावसाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून उन्हाच्या तिरिपेत धरावा आणि सगळ्या वेगांवर चालवावा.

रोल आणि उजेड

पहिला रोल काळा-पांढरा घ्या. घरी धुता येतो, आणि चूक कुठे झाली ते निगेटिव्हवर लगेच वाचता येतं. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी इलफर्ड एचपी५ प्लस किंवा केंटमियर ४०० चांगली. क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याला उन्हात १०० आयएसओची द्या (हा आकडा जितका मोठा, तितकी फिल्म कमी उजेडात चालते), कारण त्या काळच्या फिल्मा मंद असायच्या आणि त्याचं शटर त्या हिशेबाने बांधलं आहे. ४०० ची फिल्म ढगाळ दिवसासाठी ठेवा. शिवाय त्याच्या मागच्या लाल खिडकीवर काळी टेप लावा आणि आकडा बघण्यापुरतीच सावलीत उचला. जुन्या फिल्मांपैकी बऱ्याच लाल उजेडाला आंधळ्या होत्या, आजच्या नाहीत.

रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन यांचा हिशेब केला तर एका रोलमागे हजार रुपयांच्या वर जातो. तो धुवायला बहुधा पुण्या-मुंबईच्या लॅबला कुरिअर करावा लागेल. पाठवताना डबी प्लॅस्टिकमध्ये बंद करा आणि निगेटिव्ह परत पाठवा असं चिठ्ठीवर ठळक लिहा. सिनेमाची फिल्म भरलेले रोलही बाजारात मिळतात. त्यांतल्या अनेकांच्या पाठीवर काजळीचा थर असतो, जो नेहमीच्या मशीनमध्ये घातला तर सगळं खराब होतं. असा रोल असेल तर आधी लॅबला विचारा.

रोल भरला की पाठ लावून एक-दोन क्लिक करा आणि पुढे ओढताना रीवाइंडची मूठ फिरते का ते बघा. ती फिरत नसेल तर फिल्म पुढच्या चक्रीत अडकलेलीच नाही आणि छत्तीस फोटो हवेत जाणार. ही एक नजर कधीही चुकवू नका.

मीटर चालत नसेल तरी अडत नाही. जुन्या फिल्मच्या डबीच्या आत छापलेला तक्ता आठवा: भर उन्हात अ‍ॅपर्चर १६ (हा आकडा जितका लहान, तितकं भिंगाचं तोंड मोठं) आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं, म्हणजे सेकंदाचा तितकावा भाग. ४०० ची फिल्म असेल तर १/५००. हे पाठ करून आपल्या गावाच्या उजेडाला जुळवून घ्या. एप्रिलमध्ये अकरा वाजता कृष्णेच्या घाटावर १६. हलके ढग आले की ११. सावली पुसट होऊन नाहीशी झाली की ८. जुलैत आभाळ गच्च भरलं की ५.६. वाड्याच्या पडवीत, आकाश दिसतं पण ऊन नाही अशा जागी ४. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, दारातून येणाऱ्या उजेडात भोपळ्यावर काम करणाऱ्या कारागिराचा फोटो काढायचा तर १/६० वर २.८, आणि तो आत सरकला तर १/३० वर श्वास धरून. काम चालू असताना परवानगी मागा आणि नंतर प्रिंट नेऊन द्या.

शंका आली तर उजेड थोडा जास्तच द्या. निगेटिव्हला जास्त उजेड पचतो. कमी पडला तर सावलीतलं काहीच उरत नाही, आणि ते कुठल्याही स्कॅनरने परत येत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावर सायंकाळी सूर्य समोर असेल तर कमानी काळ्या येणार की आभाळ पांढरं, हे तुम्हीच ठरवा. १९२९ च्या त्या दगडी कमानींसाठी मी आभाळ सोडून देईन.

घरची धुलाई

साहित्य थोडं लागतं: डेव्हलपिंग टँक, हात घालायची काळी चेंजिंग बॅग, थर्मामीटर, डी-७६ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन), फिक्सर (ते चित्र कायम करणारं). डार्करूम लागत नाही. फिल्म टँकमधल्या रिळावर चढवायचा सराव आधी वाया गेलेल्या फिल्मच्या तुकड्यावर उजेडात करा, मग डोळे मिटून, मग बॅगेत. उन्हाळ्यात बॅगेत हाताला घाम येतो आणि फिल्म चिकटते, म्हणून हे काम पहाटे करा.

पुस्तकं २० अंश सेल्सिअस सांगतात. सांगलीत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. अशा वेळी माठातलं पाणी गाळून वापरा आणि सगळ्या बाटल्या एका बादलीत ठेवून त्यात पिशवीबंद बर्फ सोडा. २० ला हट्टाने आणण्यापेक्षा २४ वर सगळं स्थिर ठेवणं सोपं आणि सुरक्षित. एचपी५ प्लस, ४०० आयएसओवर, तयार केलेलं डी-७६ आणखी पाणी न मिसळता: २० अंशाला साडेसात मिनिटं, २४ ला साधारण साडेपाच. पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका, धुलाई असमान होते. वेळ खाली जाऊ लागली तर डेव्हलपरमध्ये तितकंच पाणी मिसळा, वेळ वाढते. नवी वेळ फिल्मच्या तक्त्यात बघा.

टँकमध्ये डेव्हलपर ओतलं की टँक आपटून बुडबुडे काढा. पहिल्यांदा आणि नंतर दर मिनिटाला दहा सेकंद टँक उलटा-सुलटा करा, जोरात हलवू नका. मग साध्या पाण्याने खळबळा, मग तीन ते पाच मिनिटं फिक्सर. फिक्सर थकलाय का हे कळायला फिल्मच्या तोंडाचा कापलेला तुकडा त्यात टाका. तो स्वच्छ व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्मला द्या. डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत पाण्याची उष्णता एकदम बदलू देऊ नका. गरम पाण्यातून गारात गेलेल्या फिल्मचा जिलेटिनचा थर आकसतो आणि सगळ्या फोटोवर बारीक भेगांची जाळी येते.

धुताना पाण्याची नासाडी करायची गरज नाही. टँक भरून पाच वेळा उलटा, पाणी बदला, दहा वेळा, पाणी बदला, वीस वेळा. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ते सुकल्यावर फिल्मवर पांढरे डाग ठेवतात. शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालतं. त्यात वेटिंग एजंटचा, म्हणजे फिल्मवर थेंब न साचता पाणी निथळू देणाऱ्या रसायनाचा, एक थेंब. फिल्म न्हाणीघरात, गरम पाणी सोडून वाफेने धूळ खाली बसवल्यावर, खाली चिमटा लावून टांगा आणि दार बंद करून विसरून जा.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो गटारात किंवा ओढ्यात ओतू नका, शेवटी सगळं कृष्णेतच जातं. एका कॅनमध्ये साठवा. विटा-खानापूर भागातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात देशभर आहेत. अशा कुणाच्या ओळखीतून हायपोतली (फिक्सरमधली) चांदी काढणारा माणूस शोधता येतो.

जाहिराती शोधायच्या कुठे

या भागाला एक वारसा आहे, जो शोधाला फार उपयोगी पडतो. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. मध्यमवर्गीय मराठी घरात कुठली वस्तू कशी शिरली, ते त्या काळच्या मासिकांच्या जाहिरातींच्या पानांवर बघायला मिळतं. कॅमेऱ्यासाठी 'इलस्ट्रेटेड वीकली'चे जुने अंक आणि 'नॅशनल जिऑग्राफिक'ची मलपृष्ठं चाळा. दोन्ही रद्दीत अजून हाती लागतात.

ग्रंथालयात गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मासिकांचे खंड बांधताना जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत अनेक ठिकाणी होती. त्यामुळे सुट्टे, न बांधलेले अंक आहेत का, ते आधी विचारा. दिवाळी अंक त्या बाबतीत बरे. त्यांची जाहिरातींची पानं बहुधा शाबूत असतात.

घरातली एक जागा लोक विसरतात. लॅबमधून फोटो ज्या कागदी पाकिटात यायचे, ती पाकिटं. कोडॅकचा पिवळा, फुजीचा हिरवा, कोनिकाचा निळा, आणि मागे स्टुडिओचा तीन-चार आकडी फोन नंबर. त्या नंबरच्या आकड्यांवरून आणि पत्त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. फोटो अल्बममध्ये लावले, पाकिटं फेकून दिली, असं बहुतेक घरांत झालं. उरली असतील तर जपा, कारण सांगलीतल्या कुठल्या पेठेत कुठला स्टुडिओ होता, याची ती लेखी नोंद आहे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' फिल्मची डबी सापडली तर तीही ठेवा. भारतात बनलेल्या फिल्मची ती खूण आहे.

जाहिरातीचं पान फाडून फ्रेम करू नका. सावलीत, खिडकीशेजारी, पान सपाट ठेवून मोबाईल अगदी वरून समांतर धरा आणि फोटो काढा. मासिकाचं नाव, महिना, वर्ष आणि पान क्रमांक यांचा वेगळा फोटो लगेच घ्या. तारीख नसलेली जाहिरात नुसती शोभेची उरते. सेलोटेप कधीही लावू नका. ठेवायची असतील तर आम्लरहित कागदात, अंधारात, सपाट.

निगेटिव्ह आणि पूर

निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्या कापून पारदर्शक पाकिटांत ठेवा. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलने किंवा कायमच्या शाईने तारीख, जागा, कॅमेरा आणि माणसांची नावं लिहा. नावं आजच लिहा, घरातल्या थोरल्या माणसांना समोर बसवून.

कृष्णाकाठी राहत असाल तर हे सगळं वरच्या मजल्यावर, पाणी न शिरणाऱ्या डब्यात. तरीही भिजलंच तर फोटो आणि निगेटिव्ह वाळू देऊ नका. वाळले की एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना प्रतिमाच निघून येते. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा, पाकिटाला चिकटलेली पट्टी पाण्यातच सुटी होऊ द्या, चिखल बोटाने घासू नका, आणि मग दोरीवर चिमट्याने टांगा. एका दिवसात सगळी होणार नसतील तर उरलेली मेणकागदात वेगवेगळी करून, पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि पाणी ओसरल्यावर थोडी थोडी काढा. आधी निगेटिव्ह वाचवा, प्रिंट नंतर. निगेटिव्ह असेल तर प्रिंट पुन्हा निघतो.